मुदतीचं गाणं

पनवेल स्टेशन सोडून रोह्याच्या दिशेनं निघालेल्या गाडीत कानात इअरफोन घातलेल्या कुणालाही विचारा, पुढे रेंज गेली की गाण्यांचं काय? उत्तर ठरलेलं असतं : डाउनलोड करून ठेवली आहेत. या उत्तरामागे एक समजूत आहे आणि ती आता सर्वमान्य झाली आहे. नेट असताना गाणी उतरवून घ्यायची, नेट नसताना ऐकायची, की प्रश्न मिटला. गाणं आपल्या खिशात आलं. अ‍ॅपवाले, मोबाइल विकणारे आणि श्रोते यांचं या एका मुद्द्यावर पूर्ण एकमत दिसतं.

ही समजूत मला उथळ वाटते. ती गाणं वाजण्याचा विचार करते, गाणं असण्याचा करत नाही. अ‍ॅपमध्ये उतरवलेलं गाणं नेटशिवाय वाजतं हे खरं. पण ते ठरावीक मुदतीपुरतं, ठरावीक फोनवर आणि दुसऱ्याच्या परवानगीनं वाजतं. ही परवानगी कधी काढून घ्यायची हे ठरवताना आपल्याला कुणी विचारत नाही. एकट्यादुकट्या श्रोत्यापुरता हा तोटा लहान असेल. मराठी संगीतासाठी मात्र तो मोठा आहे, कारण आपली कितीतरी गाणी आजवर टिकली ती श्रोत्यांच्या घरातल्या प्रतींमुळे. श्रोत्याच्या हाती प्रतच उरली नाही, तर जपणारा माणूसच या व्यवहारातून बाहेर फेकला जातो. हे म्हणणं टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. फोनमध्ये नेमकं काय उतरतं

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८च्या जानेवारीत खुला झाला. या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. अशा वाटेवर गाणं अखंड वाजायला हवं असेल तर ते फोनमध्येच असायला हवं, हे उघड आहे. जागेचा हिशेबही सोपा आहे. सेकंदाला ३२० किलोबिट या वरच्या दर्जाचं चार मिनिटांचं गाणं साधारण साडेनऊ एमबी जागा घेतं. ९६ किलोबिटचं तीन एमबीत बसतं. वरच्या दर्जाची हजार गाणी घेतली तरी दहा जीबी पुरतात.

पण एवढी जागा दिल्यावर फोनच्या फाइल्समध्ये गाणं शोधायला जा, ते नावानं सापडत नाही. अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये अर्थहीन अक्षरांच्या नावाच्या, सांकेतिक रूपात बांधलेल्या फाइली असतात. त्या दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडत नाहीत. पेनड्राइव्हवर घेतल्या तर रिक्षाच्या डेकवर वाजत नाहीत, ब्लूटूथनं बहिणीला पाठवता येत नाहीत. त्या उलगडण्याची किल्ली अ‍ॅपकडे असते आणि अ‍ॅपला ती कंपनीच्या सर्व्हरकडून मिळते.

त्या किल्लीला मुदत आहे. स्पॉटिफायवर पाच उपकरणांपर्यंत, प्रत्येकावर १०,००० गाणी उतरवता येतात. मात्र ३० दिवसांतून एकदा तरी नेटला जोडलं नाही तर ती वाजणं थांबतं. यूट्यूब म्युझिकचा नियमही ३० दिवसांचाच. पैसे भरणं थांबवलं की उतरवलेली गाणी फोनमध्ये असून मुकी होतात. पनवेलमध्ये राहणाऱ्याला ही अट जन्मात जाणवायची नाही, कारण त्याचा फोन दिवसभर नेटवरच असतो. न जाणवणारी अट क्षुल्लक असते असं मात्र नाही. दर महिन्याला कुणीतरी येऊन तुमचा हक्क शाबूत आहे का ते तपासून जातं, आणि तपासणीत नापास झालात तर तुम्हाला काही विचारायची सोय नसते.

यापेक्षा गुपचूप होणारा प्रकार म्हणजे फिकं पडणारं गाणं. यादीत नाव दिसतं, पण बाकीच्या नावांपेक्षा राखाडी. बोट लावलं तर काही होत नाही. लेबलशी असलेला करार संपलेला असतो, किंवा हक्क दुसऱ्याकडे गेलेले असतात. कारण सांगितलं जात नाही. आपण काही महिन्यांपूर्वी उतरवून ठेवलेली प्रतही फोन पुन्हा नेटवर आला की तशीच निकामी होते. कपाटातली कॅसेट करार संपला म्हणून कधी कोरी झाली नव्हती.

२. न्यायालयानं याला काय ठरवलं

हे माझं भावनिक आकलन आहे असं कुणाला वाटेल. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल पाहू. टिप्स इंडस्ट्रीज या संगीत कंपनीनं एअरटेलच्या विंक म्युझिकविरुद्ध दावा लावला होता. एप्रिल २०१९मध्ये न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी त्यात निर्णय दिला. विंकच्या सेवेचे तीन प्रकार न्यायालयानं वेगवेगळे पाहिले : नुसतं ऐकवणं, वर्गणी चालू असेपर्यंत गाणं उतरवू देणं, आणि पैसे घेऊन कायमचं उतरवू देणं. शेवटचा प्रकार विक्री ठरला. मधला, म्हणजे आज आपण ज्याला डाउनलोड म्हणून मिरवतो तो, कॉपीराइट कायद्याच्या कलम १४(ई)मधल्या व्यापारी भाडेपट्टीत मोडतो असा निष्कर्ष निघाला. २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३१डी, म्हणजे प्रसारणासाठीचा वैधानिक परवाना, इंटरनेटवरच्या अशा सेवेला लागू होत नाही असंही ठरलं. ऑक्टोबर २०२२मध्ये खंडपीठानं हा निकाल कायम ठेवला.

भांडण दोन कंपन्यांचं होतं. श्रोता त्यात पक्षकार नव्हता. तरी त्याच्या दृष्टीनं या निकालाइतका स्पष्ट दस्तऐवज दुसरा नाही. भाडेकरू म्हणजे काय हे पनवेलमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे इथे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी हजारो कुटुंबं आहेत. त्यांना मुदत माहीत असते, नूतनीकरणाची तारीख माहीत असते, घर सोडताना आपलं सामान बरोबर नेता येतं हेही माहीत असतं. गाण्याच्या भाडेकरूला यातलं काहीच नीट सांगितलेलं नाही. पडद्यावर त्याला उतरवल्याची खूण दिसते आणि तो समजतो की गाणं आता माझं. वर्षानुवर्षं जमवलेली यादी दुसऱ्या अ‍ॅपवर न्यायची म्हटली तर सरळ वाटही नसते.

३. सेवा बंद पडते तेव्हा

भाड्याची व्यवस्था मालक टिकाऊ असेल तर चालून जाते. भारतातल्या संगीत सेवांचा इतिहास या बाबतीत धीर देणारा नाही. स्नेहल आणि स्वप्नील शिंदे या बंधूंनी उभी केलेली धिंगाणा ही सेवा एके काळी मोठी होती आणि तिच्यावर मराठी गाणीही होती. टी-सीरिजनं करार पुढे चालू ठेवला नाही आणि २०१४च्या सुरुवातीला ती बंद झाली. अमेरिकेतल्या आरडिओ कंपनीनं ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी आरडिओनं दिवाळखोरी जाहीर केली. बाइटडान्सचं रेसो ३१ जानेवारी २०२४ला भारतात बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलनं विंक गुंडाळत असल्याचं सांगितलं. कोट्यवधी लोकांनी वापरलेल्या या सेवा होत्या, आणि त्यांवर उतरवलेली गाणी सेवेबरोबरच गेली.

याच्याशेजारी फ्लिपकार्टच्या फ्लाइट या दुकानाची गोष्ट ठेवून बघा. फेब्रुवारी २०१२मध्ये ते सुरू झालं, जून २०१३मध्ये विक्री थांबली. धंदा म्हणून ते पूर्ण फसलं. पण तिथे कुलूप नसलेल्या एमपी३ फाइली विकल्या जात होत्या, आणि दुकान बंद होताना ग्राहकांना विकत घेतलेली गाणी उतरवून घ्यायला अवधी दिला गेला. ज्यानं तेव्हा फाइल घेऊन नीट ठेवली, त्याचं गाणं आजही वाजतं. दुकान बुडालं तरी माल ग्राहकाकडे राहतो, ही बाजारातली अगदी जुनी रीत आहे. वर्गणीच्या व्यवस्थेनं नेमकी तीच मोडली.

सेवा चालू असतानाही गाणी जातात. फेब्रुवारी २०१९मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं आणि दोनच महिन्यांत सारेगामाशी झालेल्या वादात, दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर, सारेगामाची गाणी काढून घेण्याची वेळ आली. करार झाला तो जून २०२०मध्ये. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. भावगीतं, नाट्यगीतं, जुन्या चित्रपटांची गाणी यांतला केवढा तरी भाग याच एका कंपनीकडे आहे. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ त्या सेवेवरच्या श्रोत्यासाठी मराठी संगीताचा अर्ध्या शतकाचा वारसा जवळपास नव्हताच. इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत तीन मोठ्या लेबलांपैकी एक गेलं तरी दोन उरतात. मराठीत एक कपाट बंद झालं की खोली रिकामी दिसते.

४. मराठी गाणं टिकलं कसं

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गाणी निर्माण केली, विकली, खपेनाशी झाली की छापणं थांबवलं. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. गाणं त्यानंतरही उरलं ते तबकड्या विकत घेणाऱ्यांच्या घरी. यातलं सर्वांत बोलकं उदाहरण गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचं. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी भारतीय संगीतातून त्यांची भैरवीतली रचना निवडली गेली. पण ती ध्वनिमुद्रिका तोवर बाजारातून गेली होती. शोधाशोध करता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. त्यांचा आवाज आज आंतरतारकीय अवकाशात आहे. कंपनीच्या गोदामातून न मिळालेलं गाणं एका दुकानदारानं खोकं फेकून दिलं नाही म्हणून मिळालं. भाड्याच्या व्यवस्थेत असं खोकं असूच शकत नाही.

उलट बाजूचं उदाहरण भास्करबुवा बखले यांचं. 'स्वयंवर' या संगीत नाटकाच्या चाली बांधणारा, बालगंधर्वांना आणि मास्टर कृष्णरावांना घडवणारा हा गवई १९२२मध्ये गेला. त्यांच्या गाण्याची तबकडी आपल्याला ऐकायला मिळत नाही. ज्याची प्रत नाही त्याच्याबद्दल आपण फक्त आठवणी वाचतो.

मुंबईत १९९०मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्यांच्या याद्या, गायकांची माहिती, मुद्रणांचे क्रमांक हे सगळं 'द रेकॉर्ड न्यूज'मधून नोंदवायला घेतलं. हे काम कुठल्याही कंपनीनं केलेलं नव्हतं. संग्राहक जुन्या बाजारातून, वाड्यातल्या माळ्यावरून, मोडीत निघालेल्या घरांतून तबकड्या आणत राहिले. आज अ‍ॅपवर जे जुनं नाट्यसंगीत ऐकू येतं, त्याचा इतिहास अशा लोकांमुळे सांगता येतो. अ‍ॅपवर तर बऱ्याचदा कवीचं नावसुद्धा नसतं, आणि संगीतकाराच्या जागी गायकच लावलेला असतो.

कॅसेटच्या काळात जपण्याचं काम आणखी खाली, अगदी साध्या घरापर्यंत उतरलं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं शास्त्रीय संगीताच्या दर्जेदार कॅसेटी काढल्या हे रसिकांना माहीत आहे. पण प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, वामनदादा कर्डकांची आणि इतर शाहिरांची भीमगीतं, पनवेल-उरण पट्ट्यातली आगरी-कोळी गाणी यांचा मोठा पसारा छोट्या लेबलांच्या कॅसेटींवर होता. ती लेबलं आता उरलेली नाहीत. त्यांच्या मूळ टेपा कुठे आहेत हे सांगणारं कुणी नाही. त्यातलं जे अ‍ॅपवर पोचलं नाही, ते लोकांच्या कपाटात असेल तरच आहे.

आणि मग मेमरी कार्ड. स्वस्त चायनीज मोबाइलच्या दिवसांत स्टँडाजवळच्या मोबाइल दुकानांत 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असायची. आत एक जुना कॉम्प्युटर, कार्ड रीडर, आणि पडद्यावर फोल्डर : हळद, भीमगीत, कोळीगीत डीजे, भजन, जुने हिंदी, लावणी. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, दुकानदार फोल्डर कॉपी करून दोन जीबीच्या कार्डात टाकायचा. कायद्यानं हे चूक होतं आणि कलावंताला यातून छदामही मिळत नव्हता. त्याचं समर्थन मला करायचं नाही. मात्र नेटशिवाय गाणं ऐकण्याची ती खरीखुरी व्यवस्था होती. वाडीवरच्या, गडावरच्या, बोटीवरच्या माणसाच्या हातात प्रत होती, ती तो दुसऱ्याला देऊ शकत होता, आणि ती संपत नव्हती. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि हा धंदा बघता बघता बसला. चोरी कमी झाली याचा आनंद आहे. चोरीबरोबर प्रतही गेली, आणि तिच्या जागी कायदेशीर प्रत विकायला कुणी आलं नाही, हे दुखणं आहे.

५. आक्षेप

'जगातली सगळी गाणी बोटावर असताना मालकी हवीय कशाला?' हा पहिला प्रश्न. नवं ऐकायला, चाळायला, तुलना करायला या सेवांसारखं दुसरं काही नाही, हे मी मनापासून मान्य करतो. पण दहा कोटी गाण्यांचा साठा आणि माणसाची स्वतःची शंभर गाणी या दोन वेगळ्या गरजा आहेत. आईच्या आवडीची ओवी, लग्नात वाजलेलं गाणं, आजोबा म्हणायचे तो अभंग, तोही त्याच गायकाच्या त्याच मुद्रणातला, याला 'तत्सम दुसरं' चालत नाही. साठ्यात एकाच गाण्याच्या पाच आवृत्त्या असतात आणि आपल्याला हवी ती सहावी नेमकी गेलेली असते.

दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पूर्वी तरी प्रत कुणाकडे होती? ग्रामोफोन पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात होता, तबकडी तीन-साडेतीन मिनिटं वाजायची आणि महाग होती. आज गरिबाचं पोरही जाहिराती सहन करून फुकट हवं ते ऐकतं. मालकीचा आग्रह हा सुस्थितीतल्यांचा हट्ट नव्हे का? यात तथ्य आहे. ऐकण्याचं लोकशाहीकरण झालं ते या सेवांमुळेच. पण नेटशिवाय ऐकण्याचा प्रश्न आला की चित्र नेमकं उलटं होतं. स्पॉटिफायवर गाणी उतरवण्याची सोय पैसे भरणाऱ्यालाच आहे. फुकट ऐकणाऱ्याला नेट हवंच. ज्याच्याकडे घरात वायफाय आहे, खिशात मोठ्या पॅकचा फोन आहे, तो बोगद्यातही ऐकतो. प्रबळगडाच्या पायथ्याच्या किंवा कर्नाळ्यामागच्या वाडीवर, जिथे रेंज टेकडावर गेल्याशिवाय लागत नाही, तिथल्या ठाकूर-कातकरी मुलाला ही सोय सर्वांत जास्त गरजेची, आणि ती त्याच्याच वाट्याला येत नाही. मेमरी कार्ड त्याच्यापर्यंत पोचलं होतं. म्हणजे या एका बाबतीत गरिबाची स्थिती दहा-बारा वर्षांपूर्वीपेक्षा मागे गेली आहे. त्याच्याकडे नेटशिवाय संगीत पोचवणारं आजही विश्वासाचं साधन रेडिओच. आणि नव्या फोनांतून एफएमची सोय गायब होऊ लागली तेव्हा २०२३मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाला ती चालू ठेवा असं मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं. ते योग्यच होतं. पण रेडिओवर निवड दुसऱ्याची असते.

तिसरा आक्षेप कलावंतांच्या बाजूनं येतो : प्रत दिली की नक्कल होते. नक्कल होते हे खरं. म्हणून तर मी फुकट मागत नाही, विकत मागतो. आज एखाद्या श्रोत्यानं ठरवलं की या मराठी अल्बमचे पूर्ण पैसे मोजून मला फाइल घ्यायची आहे, तर बहुतेक वेळा त्याला ती विकणारं कुणी नसतं. प्रामाणिक गिऱ्हाईकाला दारातून परत पाठवायचं आणि नंतर चोरीबद्दल तक्रार करायची, हे न्यायाचं नाही.

प्रतीही कुजतात, कॅसेटला बुरशी लागते, हार्ड डिस्क एक दिवस उठत नाही, असंही कुणी म्हणेल. होय. एक प्रत नेहमीच मरते. शंभर घरांतल्या शंभर एकाच दिवशी मरत नाहीत. कंपनीच्या सर्व्हरवरून हटवलेलं गाणं मात्र सगळ्यांच्या फोनमधून एकदमच जातं.

'लवकरच नेट सगळीकडे येईल' याला फार वेळ द्यायला नको. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या गावांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. आणि समजा, नेट सगळीकडे आलंच, तरी वरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यांना त्यानं काही फरक पडत नाही.

६. मागायचं काय

पहिली मागणी साधी : उतरवण्याच्या बटणाशेजारी मुदत लिहा. किती दिवस, किती उपकरणं, वर्गणी थांबली तर काय, गाणं हटलं तर काय. अटींच्या लांबलचक पानात नको, बटणाशेजारी आणि मराठीत.

दुसरी, विक्रीचा पर्याय. लोक पैसे देत नाहीत हा समज खुद्द सारेगामानंच खोटा पाडला आहे. २०१७मध्ये त्यांनी ५,००० गाणी भरलेला कारवां हा म्युझिक प्लेअर बाजारात आणला आणि घराघरांत तो आईवडिलांना भेट म्हणून गेला. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्याच्या गाण्यांना नेट लागत नाही, मुदत नाही, महिन्याची तपासणी नाही. गाणी कंपनीनं निवडलेली असतात आणि बदलता येत नाहीत, ही त्याची मर्यादा. पण नेटशिवाय, कायम वाजणाऱ्या गाण्यासाठी माणूस काही हजार मोजायला तयार आहे हे त्यानं दाखवून दिलं. मग तीच गाणी, आपल्या निवडीची, फाइल म्हणून का विकू नयेत? स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या मराठी कलावंतांनी तर बँडकॅम्पसारख्या, फाइली विकणाऱ्या संकेतस्थळांवर हे आजच सुरू करावं.

तिसरी मागणी हक्क संपलेल्या गाण्यांची. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. 'स्वयंवर'ची पदं लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा त्याआधी सव्वीस वर्षं. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची या पदांची मूळ मुद्रणं आता सर्वांची आहेत. ती कुणीही उतरवावी, वाटावी, शाळेत वाजवावी. अ‍ॅपवर मात्र तीही त्याच कुलपात आणि त्याच तीस दिवसांच्या अटीत दिसतात. जे समाजाचं झालं आहे ते तरी मोकळ्या फाइलच्या रूपात द्या, असं म्हणण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. त्यासाठी कंपनीची वाट पाहायचंही कारण नाही. ज्यांच्याकडे तबकड्या आहेत आणि त्या नीट उतरवण्याची साधनं आहेत, त्यांनी ते करावं.

चौथी मागणी सरकारकडे. १९५४चा एक कायदा आहे : भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची, त्यात मुंबईचंही एक आहे. पुढे त्यात वर्तमानपत्रं आली. ध्वनिमुद्रणं आलेली नाहीत. म्हणजे पनवेलमध्ये छापलेली चाळीस पानांची कविता कायद्यानं जपली जाते आणि पनवेलमध्ये रेकॉर्ड झालेलं गाणं जपण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. ही उणीव सत्तर वर्षं चालली ती तबकड्या, कॅसेटी, सीडी घरोघर होत्या म्हणून. आता घरोघर काही नसताना ती चालवून घेता येणार नाही. कुलूप नसलेली एक फाइल आणि गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांची नोंद प्रत्येक प्रसिद्ध मुद्रणाबरोबर जमा व्हायला हवी.

शेवटची गोष्ट मागायची नसून करायची आहे. आगरी लग्नात धवला म्हणतात. धवलारीण प्रत्येक विधीला ठरलेलं गाणं लावते आणि ते सगळं तिच्या तोंडी असतं. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे इथली वस्ती उठली, माणसं नव्या भूखंडांवर विखुरली. ज्या अंगणात धवला रंगायचा ती अंगणं गेली. अ‍ॅपवर आगरी म्हणून मिळतो तो बहुतेक हळदीचा डीजे. धवला तिथे शोधून बघा, काय हाती लागतं ते. पण लग्नाला आलेल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगची सोय आहे, आणि त्या फोनवर तयार होणारी फाइल साधी, मोकळी, कुणाच्या परवानगीशिवाय वाजणारी असते. धवलारणीला विचारून, तिची संमती घेऊन, फोन तिच्याजवळ आणि डीजेच्या भिंतीपासून लांब ठेवून पूर्ण गाणं घ्यावं. मधूनच तोडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावं आणि दोन वेगळ्या घरांत, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावं. तिचं नाव, गाव, विधी, तारीख आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव फाइलच्या नावातच लिहावं, कारण वेगळ्या वहीत लिहिलेलं सगळ्यात आधी हरवतं.